चुन्याची फुली

माघ सरत आला की आमच्याकडच्या डोंगरांची हाडं दिसायला लागतात. साग पानं टाकून मोकळा होतो, ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी उघडी पडते, आणि उन्हात वाळलेल्या गवताला एक वास सुटतो, भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा. शहापुरातल्या माझ्या दुकानापर्यंत तो वास येतो असं माझं म्हणणं आहे. बायको म्हणते, तो शेजारच्या चणेवाल्याचा आहे. असेल. माझ्या नाकावर विश्वास ठेवावा असं तिला लग्नानंतर कधी वाटलेलं नाही, आणि तिचं चुकतंय असं मलाही ठामपणे म्हणता येत नाही.

दुकान मोटारपंपांचं. पंप, पाईप, व्हॉल्व्ह, नळाच्या चाव्या. खालचं पाणी वर चढवून देणं हा आमचा धंदा. परवा एका गिऱ्हाइकाला पाईप मापून देत होतो आणि वरून हेलिकॉप्टर गेलं. कुणीतरी मोठा माणूस नाशिकला निघाला असणार. मी पाईप हातात तसाच धरून रस्त्यावर आलो आणि आवाज कसाऱ्याच्या अंगाला विरेपर्यंत वर बघत उभा राहिलो. पाईपचं दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात होतं, त्यामुळे तोही बिचारा ओढला जाऊन बाहेर आला.

"शेठ, हेलिकॉप्टर पहिल्यांदाच बघताय काय?"

"नाही रे," मी म्हटलं, "तोच तर त्रास आहे."

आमचं मूळ घर डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. तिथे माझा चुलतभाऊ काशीदादा आणि वहिनी राहतात. मी पंप विकायला शहापुरात आलो, दादा जमीन सांभाळायला मागे राहिला. दोघांत हुशार कोण, असं कुणी विचारलं की मी चहा मागवतो. भाताची खाचरं खाली ओढ्याच्या कडेला, आणि वर उताराला वरकस, म्हणजे मुरमाड कलती जमीन, जिच्यात पूर्वी नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नसे. त्या वरकसावर दादाने आंब्याची कलमं लावली. तेव्हा त्याची मुलगी अंगणवाडीत जात होती. आता तिची मुलगी जाते. सुरुवातीची कित्येक वर्षं दोघं नवराबायको ओढ्यावरून हंडे वाहून एकेका कलमाच्या बुडाशी पाणी घालायची. पुढे मी मोठ्या दिमाखात दुकानातला एक पंप नेऊन बसवून दिला. तो निम्म्या चढावर दम टाकायचा. दादा म्हणायचा, "पक्या, तुझा पंप तुझ्यासारखाच. शहापुरात लय जोरात, डोंगर दिसला का बसला."

त्या कलमांना नावं होती. एक वाकडं वाढलेलं, ते लंगडी. एक कुंपणाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर फांदी मारायचं, ते सासू. एकाला दरवर्षी मोहर यायचा गच्च आणि फळ धरायचं नाही. त्याचं नाव सरकारी. दादाच्या घरी गेलं की माणसांची खुशाली नंतर, आधी या मंडळींची. "लंगडीनं यंदा चांगलं मनावर घेतलंय." "सासूचा एक खांदा वाळला, पण ती काय कुणाचं ऐकतेय." मी मान डोलवायचो. मला त्यातली निम्मी झाडं एकसारखीच दिसायची. पण मला माझ्या स्वतःच्या मेहुण्याही एकसारख्या दिसतात, त्यामुळे तो झाडांचा दोष नव्हे.

वणव्याची भीती मात्र मलाही समजायची. पानगळीनंतर आमच्या डोंगरात काडी पडायचा अवकाश. कुणी नव्या गवतासाठी लावतो, कुणाची विडी पडते, कुणाचा राब हाताबाहेर जातो. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून घ्यायची, ती आमची बापजाद्यांपासूनची रीत. आगीशी आमचं वैर असं कधी नव्हतं. तिला चुलीत, राबात आणि होळीत बसायला जागा दिलेली होती. ती जागा सोडून उठली तरच पंचाईत.

म्हणून पट्टा काढायचा. होळीच्या आधी, गवतावर दव असतं तोवर, प्रत्येक घरातला एकेक माणूस कोयता घेऊन वरकसाच्या माथ्याला जमायचा. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढ्या रुंदीचं गवत आडवं कापायचं, आणि मग तो पट्टा आपणच पेटवायचा. एक माणूस पेटता पेंढा घेऊन पुढे, बाकीचे जांभळीच्या ओल्या डहाळ्या घेऊन दोन्ही अंगांना. आग बाहेर पाय टाकायला गेली की झोडपायची. गुरं वळवावीत तशी ती वळवत पार त्या टोकाला न्यायची. पुढे चैत्रात वरून कितीही मोठा वणवा आला तरी या काळ्या पट्ट्याशी येऊन तो उपाशी मरायचा. पुढे चालणारा माणूस नेहमी दादाच असे. काम उरकलं की जेवण: तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं, आणि एखाद्या कोंबड्याचे दिवस भरले असतील तर तोही. मी शहापुरातून नेमका भाकऱ्या तव्यावर असताना पोचायचो. वहिनी विचारायची, "भावजी, लांबून पट्टा बरा दिसतो नाय?"

काही वर्षांपूर्वीच्या त्या माघात पट्टा काढायची वेळ आली आणि आकाशातून पाहुणे आले.

हवाई दलाच्या नव्या हेलिकॉप्टरवाल्यांना वणवा विझवायला शिकवायचं होतं. जवळच्या धरणातून पाणी उचलायचं आणि आमच्या पाड्यामागच्या मोकळ्या माळावर टाकायचं, असं ठरलं. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली लांब दोर, दोराला नारंगी रंगाची बादली. बादली कसली, कणगीच ती. आमच्या घरातलं वर्षाचं भात मावलं असतं तीत. माळावर चुन्याने भलीमोठी फुली आखलेली. धरणात बुडी मारून यायचं, फुलीच्या वर यायचं, बादलीचं बूड उघडायचं. हा त्यांचा अभ्यास.

पहिल्या दिवशी पाड्यावरच्या कोंबड्या पडवीखाली गेल्या त्या संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. गुरांनी दावी तोडली. घरातली भांडी मांडणीवर आपापसात बोलू लागली. दुसऱ्या दिवशी गुरं नुसती कान हलवत होती, आणि तिसऱ्या दिवसापासून अख्खा पाडा सकाळची भाकरी घेऊन बांधावर बसू लागला. शिकाऊ ते शिकाऊच. एकाने फार उंचावरून पाणी सोडलं, त्याचं धुकं झालं आणि फुली कोरडी राहिली. एकाने घाई केली, तर सगळं पाणी अलीकडच्या करवंदीच्या जाळीवर. एकाने उशीर केला आणि बायकांनी वाळत घातलेल्या मिरच्या धुऊन दिल्या. वहिनी मिरच्या गोळा करता करता म्हणाली, "लग्नात मागं उभी राहिलेली माणसं अक्षता टाकतात ना, तसा हाय यांचा नेम."

दादाला मात्र एकही बादली चुकवायची नव्हती. आयुष्यभर ज्याने पाणी डोक्यावरून वर नेलं, त्याच्या डोळ्यांसमोर पाणी आपण होऊन डोंगर ओलांडून येत होतं. नेम बसला की तो टाळ्या वाजवायचा. चुकला की हळहळायचा, पण आपल्या पोरासाठी हळहळावं तसा. "वारा खालून होता. त्याची काय चूक." मी दुकान बायकोवर टाकून रोज जायला लागलो, कारण पाणी म्हटलं की मी तज्ज्ञ. बादलीच्या बुडाला झडप कशी असेल, किती दाबाचं पाणी पडत असेल, हे मी बांधावर बसून सगळ्यांना समजावून सांगत असे. लोक ऐकत. मी बोलत असताना हेलिकॉप्टरचा आवाज होत असे, हेही त्याचं कारण असू शकेल.

त्या पथकातला एक सार्जंट, गायकवाड, पाड्यावर यायचा. बीडकडचा, हसऱ्या चेहऱ्याचा. गुरंवासरं माळावर येऊ देऊ नका हे सांगायला पहिल्यांदा आला आणि दादाच्या ओट्यावर चहाला बसला. मग रोजच बसू लागला. त्याचं काम म्हणजे उडत्या हेलिकॉप्टरच्या दारात पोटावर पडून खाली बघायचं आणि पायलटला सांगत राहायचं: थोडं पुढे, थोडं डावीकडे, आता सोडा.

"मग पायलटला दिसत नाय?" दादाने विचारलं.

"नाही ना काका. बादली त्याच्या पायाखाली. मी बोलतो तेच त्याला दिसतं."

दादाने आत चुलीकडे बघितलं. "आमचं घर पण तसंच चालतंय."

"दारात पोटावर पडून बघा एकदा," आतून वहिनी म्हणाली, "मग कळंल."

गायकवाड खूप हसला. मग म्हणाला, "काकू, आम्ही दुष्काळी भागातले. लहानपणी टँकर आला की आई भांडी घेऊन पळायची. आता मी एवढं पाणी एका बटणावर उधळून देतो. आईला अजून सांगितलं नाही, रागावेल."

त्याने दादाला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, "आमचं शिकणं संपेपर्यंत कुणी काही जाळू नका, काका. धूर चढला की नवीन लोकांना फुली दिसत नाही." दादाने पाड्यावर फिरून सगळ्यांना बजावलं. राब थांबले. पट्टा थांबला. आणि दुसरी गोष्ट दादाने विचारली म्हणून. दादा कप खाली ठेवून जरा आवाज उतरवून म्हणाला, "आमच्याकडं लागलं तर याल ना?"

"बोलावणं आलं तर येणारच, काका. त्याच्यासाठीच तर शिकतोय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी तिथेच बसलो होतो. पुढे कित्येकदा हे वाक्य मी उलटसुलट करून पाहिलं, पंप दुरुस्तीला आल्यावर उलटा करून पाहावा तसं. त्यात गळती कुठेच नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी दृष्ट लागावी असं काम केलं. बादलीमागून बादली फुलीच्या मधोमध. माळावर चिखल झाला, चिखलात आकाश दिसलं, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ओल्या मातीचा वास उठला तेव्हा बांधावरच्या म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. जाताना उरलेल्या चुन्याच्या गोणी गायकवाडने दादाच्या पडवीत ठेवल्या. "पुढच्या वर्षी लागतील, सांभाळा." दादाने त्या फळीवर रचून वर प्लास्टिक घातलं. बियाण्याला घालतात तसं.

ते गेल्यावर पाड्यावर जी शांतता आली ती आधीच्या शांततेसारखी नव्हती. लोक उगाचच वर बघायचे. आणि तोवर होळी होऊन गेली होती, दव संपलं होतं, गवताचा पापड झाला होता. आता पट्टा पेटवला असता तर पट्टाच वणवा झाला असता. कुदळी-फावड्यांनी गवत खरवडून काढता आलं असतं, पण ते काम जिवावरचं, आणि निम्मा पाडा तोवर वीटभट्ट्यांवर गेलेला. वहिनीने एकदा विषय काढला. दादा म्हणाला, "येवढं डोळ्यांनी बघितलंस ना गो? मग कुदळीनं डोंगर कशाला खाजवायचा?" मी दुजोरा दिला. माझ्या दुकानातले सगळे पंप एकत्र लावले तरी तेवढं पाणी पडणार नाही, असा काहीतरी हिशेब मी मांडला. धंद्यातला माणूस बोलला की लोकांना बरं वाटतं.

चैत्रातली दुपार. कलमांवर कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या. सरकारीनेसुद्धा त्या वर्षी धरल्या होत्या. आग मुरबाडच्या बाजूने डोंगर चढून, माथा ओलांडून आमच्या अंगाला आली. माझी सासुरवाडी मुरबाडची, त्यामुळे नंतर काही दिवस घरात मला एक मुद्दा मिळाला होता. तो मी एकदाच वापरला.

वहिनीचा फोन दुकानात आला. मी गायकवाडला लावला, त्याचा बंद. तालुक्याला लावला. तिथला माणूस भला होता, त्याने सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाला, "वर कळवतो." त्याने कळवलंही. वर म्हणजे किती वर, हे मला आजवर कळलेलं नाही. मी टेम्पोत एक पंप टाकला आणि निघालो. ओढ्याला चैत्रात पंप लागेल एवढं पाणी नसतं, हे मला डोळखांबच्या फाट्यावर आठवलं. तरी पंप घेऊनच गेलो. रिकाम्या हातांनी जाववेना.

वरकसाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा धूर सूर्यावर आला होता आणि सगळं पिवळं, काविळीसारखं दिसत होतं. माणसं चढावर धावत होती. मला वाटलं डहाळ्या घेऊन चाललीत. जवळ गेलो तर त्यांच्या खांद्यांवर गोणी होत्या.

कलमांच्या मधोमध, लंगडी आणि सासूच्या मधल्या मोकळ्या जागेत, काशीदादा चुन्याने फुली आखत होता.

ओंजळीने चुना टाकत तो मागे मागे सरकत होता. एक रेघ पुरी झाली होती, दुसरी अर्धी. त्याचे हात, मिशा, भुवया सगळं पांढरं. चार-पाच जण गोणी फोडून देत होते, आणि तो त्यांना ओरडत होता, "सरळ धरा रे. वाकडी काढलीत तर पाणी वाकडं पडंल." आम्ही सगळ्यांनीच इतके दिवस बांधावर बसून पाहिलेलं होतं. जिथे फुली, तिथे पाणी. एकदाही फुलीशिवाय पाणी आलं नव्हतं. मग आधी काय करायचं असतं, हे त्या क्षणी कुणाला सांगावं लागलं नाही.

मला बघून दादा म्हणाला, "पक्या, बरा आलास. हिकडनं धर गोणी." मी धरली.

खाली कडेला वहिनी एकटी जांभळीची डहाळी घेऊन उडणाऱ्या ठिणग्या झोडत होती. पदर डोक्याला घट्ट बांधलेला. "अवो, ती रांगोळी टाका नि डहाळ्या घ्या," ती ओरडत होती. "माणसं द्या मला हिकडं."

"येतील गो," दादा म्हणाला. "आता येतील. फुली दिसली पायजे त्यांना."

मग आभाळात आवाज आला. आम्ही सगळ्यांनी हातातलं टाकून वर पाहिलं. धुराच्या फटीतून, फार उंचावरून, मुंबईकडे उतरणारं प्रवाशांचं विमान चाललं होतं. ते गेल्यावरही कुणी मान खाली घेतली नाही. माणसाला मान खाली घ्यायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आगीचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा असतो. मी इतका वेळ ज्याला वाऱ्याचा आवाज समजत होतो तो तिचाच होता. कुणीतरी दादाला काखेत धरून खाली ओढलं. वहिनीच्या हातातल्या डहाळीची पानं जळून नुसती काठी उरली होती, आणि ती काठी जमिनीवर मारत होती. आम्ही पायथ्याच्या खाचरात येऊन उभे राहिलो. आणि मग वास आला. भाजल्या कैरीचा. पन्ह्यासाठी चुलीत कैऱ्या भाजतात ना, तोच आंबटगोड वास, फक्त डोंगरभर. तो वास चांगला होता, हे लिहायला मला संकोच वाटतो. तोंडाला पाणी सुटलं. शरीराला काही म्हणजे काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दादा वर गेलो. राख पायाखाली मऊ होती, पिठासारखी. कलमं उभीच होती, पानांसकट. पण पानं तळल्यासारखी तपकिरी आणि हात लावला की चुरा. आणि त्या सगळ्या काळ्यात फुली तेवढी पांढरी. चुन्याला आग काय करणार. दोन्ही रेघा सरळ, मध्य बरोबर मध्यावर. इतकी नीटस की आकाशातून कुणालाही चुकवता आली नसती. दादा एका रेघेच्या कडेकडेने तिच्या टोकापर्यंत चालत गेला. मग म्हणाला, "चांगली आली होती," आणि खाली उतरायला लागला.

नंतर मी चौकशा केल्या. मला सगळ्यांनी बसवून, चहा देऊन समजावलं. खालून मागणी जावी लागते, ती वर तपासावी लागते, मग हुकूम निघतो. आणि ते पथक त्या दिवशी दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच डोंगरावर होतं. मला ते पटलं. आमचा एक उतार म्हणजे अख्ख्या देशाच्या जंगलात काय. पटलं, आणि तीच मोठी अडचण होऊन बसली. कुणाचं चुकलेलं असतं तर राग तरी धरता आला असता. इथे रागाला बसायला कुणी पाटच मांडलेला नव्हता. तो अजून आमच्या घरात उभाच आहे, आणि अधूनमधून आम्हीच त्याला ठेचकाळतो.

पावसाळ्यात कलमांना फुटवा आला. वहिनीने फोन करून सांगितलं तेव्हा मी दुकानात पेढे आणले. गेलो तर दादा पेढ्याकडे बघेना. मला एका झाडापाशी नेलं, वाकवलं आणि बोट लावून दाखवलं. कलम बांधलं होतं त्या गाठीच्या वरचं सगळं वाळून कोळसा झालेलं. फुटवा गाठीच्या खालून होता. म्हणजे मूळच्या रानटी, आंबट कोयीचा. सगळ्या उतारावर तसंच. इतकी वर्षं त्याने जे वर चढवलं होतं ते गेलं, आणि खाली दडपलेलं होतं ते जोमाने वर येत होतं. हिरवंगार दिसत होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सावरली बाग.

मी म्हटलं, "परत कलमं बांधू. मी रोपं आणतो."

"आण," तो म्हणाला. आणली. ती शाळेच्या आवारात लावून टाकली त्याने.

त्यानंतर पाड्यावर पट्टा निघालेला नाही. दादा पुढे चालायला उठत नाही, आणि दुसऱ्या कुणाला पुढे चालायची सवय नाही. वरकस दर उन्हाळ्याला आपला आपण जळतो. कोवळे फुटवे जळतात, पावसात पुन्हा येतात, पुन्हा जळतात. लोकांनाही आता त्याचं काही वाटेनासं झालंय. संध्याकाळी माथ्यावर लाल रेघ दिसली की कुणीतरी म्हणतं, "लागली वाटतं," आणि कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं. मला हीच गोष्ट सगळ्यांत जड जाते. झाडं गेली, ती गेली. पण आग दिसली की आमची माणसं डहाळी तोडायला धावायची, ते धावणं कुठे गेलं? ते कशाने जळलं? मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझ्या नाकाबद्दल बायकोचं जे मत मी वर सांगितलं, तेच माझ्या विचारांबद्दलही आहे.

या रविवारी पाड्यावर गेलो होतो. दादा ओट्यावर काथ्या वळत बसला होता. हल्ली तो दोर वळतो, गरजेपेक्षा बरेच जास्त. वहिनी आत सुपात तांदूळ पाखडत होती. माझा फोन वाजला, नंबर अनोळखी.

"पंपवाले काका ना? मी गायकवाड. ओळखलं का?"

जुना फोन खराब होऊन सगळे नंबर गेले होते म्हणे. दुकानाच्या नावावरून नेटवर शोधून काढला. आता तो दूर उत्तरेकडच्या डोंगरात होता, नव्या तुकडीला शिकवत होता. खरा वणवाच लागला होता तिकडे, मोठा, गावाच्या तोंडाशी आलेला, आणि त्यांनी तो काल विझवला होता. आवाज आनंदाने भरून आलेला. "एकदम तुमची आठवण आली. ते काका टाळ्या वाजवायचे ना. इथे कुणी टाळ्या वाजवायला नाही. आहेत का ते?"

मी फोन दादाकडे दिला. आता हा काय बोलेल ते मला माहीत होतं असं वाटलं. इतक्या वर्षांचं, आणि बोलायला शेवटी एक माणूस समोर आलेला. आत सुपाचा आवाज थांबला.

"कोण, गायकवाड? बोल रे बाबा." दादाने दोर मांडीवर ठेवला. "विझवलीत काय? समदी? गावातली माणसं धड हायेत ना?... बरं झालं. लय बरं झालं... वारा कुठून होता?... आणि तरी बरोबर पडलं पाणी? मग जमायला लागलं तुम्हांला." तो हसला. खरंखुरं हसला. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याची नजर अंगणात होती.

"हाय ना. बागेला काय झालंय. मोहर चांगलाय यंदा," दादा म्हणाला. "तू ये कवा तरी. हां. काकू बरी हाय. आईला सांगितलंस का नाय अजून?... सांग, सांग. नाय रागवायची."

फोन मला परत देऊन त्याने दोर उचलला. आतून सूप पुन्हा सुरू झालं नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "त्याला सांगायचं नाही काय रे?"

दोराला पीळ देत, वर न बघता तो म्हणाला, "सांगून? त्याला उद्या परत उडायचंय, पक्या."